तिसरा वर्ग कुठे गेला?

आयआरसीटीसीवर तिकीट काढायला गेलं की वर्ग निवडायची यादी उघडते. फर्स्ट एसी, टू टियर एसी, थ्री टियर एसी, थ्री टियर इकॉनॉमी, स्लीपर, सेकंड सिटिंग. या यादीत 'तीन' हा आकडा दिसतो तो एसीच्या जोडीने. 'थ्री एसीचं कन्फर्म झालं' ही आज घरात आनंदाने सांगायची बातमी आहे. तुमच्या आजोबांच्या काळात मात्र रेल्वेतला तीन हा आकडा म्हणजे लाकडी बाक, घाम आणि चेंगराचेंगरी. एखादा सिनेमा फालतू निघाला की आपण अजूनही 'एकदम थर्ड क्लास' म्हणतो. ही शिवी आपल्या तोंडी बसवण्यात रेल्वेचा हात मोठा असावा, असं मला वाटतं.

मग तो तिसरा वर्ग गेला कुठे? सरकारी उत्तर एका ओळीचं आहे: एप्रिल १९७४ मध्ये तो रद्द झाला. माझं उत्तर जरा लांब आहे, कारण माझ्या मते तो रद्द झालेलाच नाही. त्याच्या दारावरची पाटी तेवढी बदलत गेली. आणि पाटी बदलण्याच्या या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत एकदाच, अगदी थोडा काळ, कुणीतरी पाटीऐवजी बाकाकडे पाहिलं. तो माणूस आपल्या कोकणातून निवडून गेला होता. त्याच्याकडे येऊच, पण आधी सुरुवात.

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं. हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असतं, आणि रेल्वे आणण्यासाठी नाना शंकरशेटांनी केलेल्या खटपटीवर निबंधही लिहिलेला असतो. त्या मार्गाचे तिकीटदर मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसतात. मुंबई ते ठाणे पहिल्या वर्गाला २ रुपये १० आणे, दुसऱ्याला १ रुपया १ आणा, तिसऱ्याला ५ आणे ३ पै. आण्यांचा हिशोब येत असेल तर करून बघा. पहिला वर्ग तिसऱ्याच्या बरोबर आठपट महाग होता. गाडी तीच, इंजिन तेच, ठाण्याला पोचायची वेळही तीच. आठपटीचा फरक होता तो डब्याच्या आत काय मिळतं याचा.

रेल्वे बांधणाऱ्या कंपन्या लंडनच्या होत्या. त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती आणि जमीन फुकट. गाडी तोट्यात चालली तर फरक भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. अशा सौद्यात प्रवाशाला खूश ठेवायची घाई कुणाला असणार? शिवाय तेव्हाच्या अनेक गोऱ्या साहेबांना वाटत होतं की इथले लोक गाडीत बसणारच नाहीत. एक तर गरीब, त्यात जातीपातीचा विटाळ, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून कोण बसेल? म्हणून त्यांचं लक्ष होतं कापसावर, कोळशावर आणि फौज हलवण्यावर.

लोक मात्र बसले. तोबा गर्दी करून बसले. बाजाराला, लग्नाला, माहेराला, काशीला, पंढरीला. विटाळाची चर्चा करायला डब्यात जागाच उरली नाही. (याचा अर्थ जात गाडीतून उतरली असा नाही. ती पुढच्या स्टेशनवर पाण्याच्या घड्याशी पुन्हा उभी असायची. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळत होतं.) थोड्याच वर्षांत दहातले नऊ प्रवासी तिसऱ्या वर्गाचे आहेत आणि प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नातला मोठा वाटा त्यांच्याच आण्या-पैंतून येतोय, हे कंपन्यांच्या हिशोबवह्यांत दिसू लागलं.

आणि ही लाइन बांधली कुणी, तेही याच हिशोबात धरायला हवं. पुण्याला जाताना कर्जतनंतर आपण खिडकीतून रील काढतो तो बोरघाट १८५६ ते १८६३ या काळात फोडला गेला. २५ बोगदे. ऐन भरात ४० हजारांहून जास्त मजूर डोंगरावर होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी मिळून सुमारे २५ हजार माणसं तिथे गेली असावीत, असा अंदाज केला जातो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच काळात आजारपणाने वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे नेलं. त्या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत. मजुरांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही.

आता डब्याच्या आत येऊ. तिसऱ्या वर्गात लाकडी बाकं. काही कंपन्यांनी काही काळ चौथा वर्गसुद्धा चालवला आणि त्यात बाकंही नव्हती, उभ्याने किंवा जमिनीवर बसून जायचं. यात्रेच्या दिवसांत डबे कमी पडले की लोकांना सरळ मालगाडीच्या वाघिणींत भरायचे. ज्या वाघिणीतून काल गुरं किंवा धान्य गेलं, तिच्यातूनच आज वारकरी. तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांतून लिहून आलं, चौकशा झाल्या, आणि पुढच्या यात्रेला वाघिणी पुन्हा लागल्या.

संडासाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात एक कलम होतं: प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी ५० मैलांपेक्षा लांब जाणार असेल तर त्या कप्प्याला संडास द्यायचा. तिसऱ्या वर्गातल्या बाकीच्यांना असा हक्क या कलमाने दिला नाही. त्यांनी गाडी थांबेल तिथे उतरायचं, उरकायचं आणि शिट्टी झाली की पळत यायचं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात १९०९ सालचं एक पत्र लावलेलं आहे. ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहिबगंजच्या कार्यालयाला लिहिलेलं. फणस जास्त खाल्ल्याने पोट बिघडलं, स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मोकळा व्हायला गेलो, गार्डाने शिट्टी मारली, एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून पळताना पडलो आणि सगळ्या बायकापुरुषांसमोर माझी शोभा झाली, असा त्याचा मजकूर. या पत्राचे फोटो व्हॉट्सॲपवर हसण्यासाठी फिरतात. इंग्रजी खरंच विनोदी आहे. पण त्यातली मागणी विनोदी नाही. गार्डाने पाच मिनिटं गाडी थांबवायला काय हरकत होती, असं तो विचारतो, आणि त्या गार्डाला दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांत बोभाटा करीन, असं बजावतो. पहिली गाडी धावून तेव्हा ५६ वर्षं झाली होती.

त्याच १८९० च्या कायद्यात आणखी एक कलम होतं: प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती माणसं बसवायची ते ठरवून तो आकडा ठळकपणे लिहायचा. आकडे लिहिले गेले. पाळले गेले का? त्याचा पुरावा एका प्रवाशानेच लिहून ठेवला आहे. १९१७ मध्ये हा प्रवासी मुंबईहून मद्रासला मेलने तिसऱ्या वर्गातून निघाला. तिकीट १३ रुपये ९ आणे. डब्यावर आकडा २२. रात्रीचा बराचसा वेळ आत ३५ माणसं. कुणी जमिनीवर, कुणी उभं. मद्रासपर्यंत डबा एकदाही झाडला गेला नाही. प्रवाशाचं नाव मोहनदास गांधी. आफ्रिकेतून परतल्यावर त्यांनी तिसऱ्या वर्गानेच फिरायचं ठरवलं होतं. त्यांनी हा सगळा वृत्तांत वर्तमानपत्रांना लिहिला आणि एक हिशोबी प्रश्न विचारला: पहिल्या वर्गाचं भाडं पाचपटीहून जास्त आहे, मग तिसऱ्या वर्गाला निदान पाचव्या हिश्शाची तरी सोय मिळते का? पाचवा राहू द्या, दहावा तरी? भाडं कमी करा, असं ते म्हणत नव्हते. भरलेल्या भाड्याच्या प्रमाणात द्या, एवढंच म्हणणं होतं. मला त्या काळच्या रेल्वेवरच्या सगळ्या टीकेत हा प्रश्न सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो कंपनीच्याच भाषेत विचारलेला आहे.

इथे पुणेकरांची माफी मागून डेक्कन क्वीनकडे वळतो. १ जून १९३० ला ती सुरू झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. तिचा वाढदिवस अजून केक कापून साजरा होतो, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांत मीही आहे. पण ही राणी जन्मली तेव्हा तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग तिला जोडला गेला जून १९५५ मध्ये. म्हणजे २५ वर्षं, त्यातली स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ आठ, मुंबई-पुण्याच्या सगळ्यात झकपक गाडीत तिसऱ्या वर्गाच्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. देश स्वतंत्र झाला, गाडीच्या वर्गांचं काय करायचं हे ठरायला थोडा उशीर लागला इतकंच.

ते ठरलं कसं, हे बघण्यासारखं आहे. १९४९ मध्ये डेक्कन क्वीनमधला पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गालाच पहिला म्हणू लागले. साधारण हीच युक्ती पन्नाशीच्या दशकात देशभर वापरली गेली. जुना पहिला वर्ग काढला, दुसऱ्याचा पहिला झाला, मधल्या 'इंटर'चा दुसरा झाला. तिसरा मात्र तिसराच राहिला. स्वतंत्र देशाच्या रेल्वेने तिसऱ्या वर्गासाठी काहीच केलं नाही असं मात्र नाही. पंखे आले, झोपायचे डबे आले, फक्त तिसऱ्या वर्गाच्या 'जनता' गाड्या आल्या. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून पोलादी डबे बनू लागले. पण १९६९ च्या मार्चमध्ये नव्या युगाची गाडी म्हणून हावडा-दिल्ली राजधानी सुटली तेव्हा ती अख्खी वातानुकूलित होती. नवं काही आलं की ते आधी वरच्या टोकाला येतं, ही सवय साहेबांबरोबर गेली नाही.

मग एप्रिल १९७४. तिसऱ्या वर्गाचं नाव दुसरा वर्ग झालं. रंगाऱ्यांनी डब्यांवरच्या तीन रेघांतली एक पुसली. बाक तेच, लाकूड तेच, गर्दी तीच. पुढच्याच महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा तो प्रसिद्ध देशव्यापी संप झाला आणि तो मोडून काढला गेला. नंतरच्या वर्षी आणीबाणी आली. वर्ग मिटल्याची बातमी या गदारोळात कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

आणि आता तो कोकणातून निवडून गेलेला माणूस.

मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. १९७१ पासून राजापूरचे खासदार. आणीबाणीत बेंगळुरूच्या तुरुंगात होते आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि प्राध्यापक रेल्वेमंत्री झाले. समाजवादी मंत्री म्हटल्यावर लोकांची अपेक्षा काय असते? पहिला वर्ग बंद करणार, साहेबांच्या गाद्या काढणार. दंडवत्यांनी तसं केलं नाही. पहिल्याला खाली खेचण्यात मला रस नाही, दुसऱ्याला वर आणायचंय, अशी त्यांची भूमिका होती. आणि त्यासाठी त्यांनी काढलेला हुकूम इतका साधा होता की त्याला धोरण म्हणायलाही जीभ अडखळते: दुसऱ्या वर्गाच्या झोपायच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घाला.

दोन इंच. म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. तुम्ही आज स्लीपरच्या निळ्या बर्थवर आडवे होता तेव्हा पाठीखाली जे काही असतं, ते त्या हुकुमाचं वंशज आहे. त्याआधी नागपूरहून मुंबईला येणारा माणूस रात्रभर फळीवर झोपायचा. सोबत वळकटी असली तर बरं, नाहीतर बरगड्या आणि लाकूड यांच्यात फक्त सदरा. पहिली गाडी धावून सव्वाशे वर्षं होत आली होती. या काळात आपण डोंगर फोडले, खाडीवर पूल बांधले, विजेवर गाड्या पळवल्या. फोमला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नव्हतं. पैसाही फार लागत नव्हता. लागत होता तो एवढाच विचार, की या माणसालाही पाठ असते.

फोम एका रात्रीत सगळीकडे आला नाही. आधी काही महत्त्वाच्या गाड्यांना, मग नव्या डब्यांना, आणि सगळीकडे पोचायला ऐंशीचं दशक संपत आलं. तोवर दंडवते कधीच मंत्रिपदावरून गेले होते. पण आलेला फोम कुणालाही काढता आला नाही. त्यांच्याच काळात, २६ डिसेंबर १९७७ ला, मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. सुपरफास्ट, पण सगळे डबे एकाच वर्गाचे. रवींद्रनाथांच्या नावाची गाडी आणि तिच्यात वरचा-खालचा नाही. पुढे तिलाही एसीचे डबे लागले आणि ती इतर गाड्यांसारखी झाली. १९७४ च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेतलं ते जनता सरकारने. आरक्षण संगणकावर नेण्याची तयारीही दंडवत्यांच्या काळात सुरू झाली. कोकण रेल्वेसाठी त्यांनी आयुष्यभर धोशा लावला. १९९० मध्ये त्यासाठी महामंडळ निघालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि दंडवते अर्थमंत्री. १९९८ मध्ये गाड्या सुरू झाल्या. सह्याद्रीच्या उतारावरून गाडी जाते तेव्हा लोकांना श्रीधरन आठवतात, आणि आठवायलाच हवेत. मला मात्र त्या मार्गापेक्षा तो दोन इंचांचा हुकूम मोठा वाटतो. यावर कोकणातल्या मित्रांशी माझे वाद झाले आहेत.

दंडवत्यांच्या नंतर काय झालं ते आपण सगळे वापरतोच. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, २००२ मध्ये तिकीट इंटरनेटवर आलं. १९९३ मध्ये थ्री टियर एसी आलं, आणि इथे 'तीन' या आकड्याचं नशीब फिरलं. मध्यमवर्गाच्या खिशात पैसा येत होता, उन्हाळा वाढत होता, आणि हा डबा रेल्वेलाही परवडत होता. कसा, ते समजून घ्यायला हवं, कारण आजच्या गर्दीचं मूळ तिथे आहे. २०१६ पासून तिकिटावर एक ओळ छापून येऊ लागली, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला भाड्यातून मिळतात. उरलेला खड्डा मालवाहतुकीच्या नफ्यातून भरायचा. म्हणजे कोळसा, सिमेंट आणि धान्य आपलं तिकीट स्वस्त ठेवतात. या तोट्याच्या धंद्यात बराच काळ तोटा न करणारा जवळजवळ एकमेव डबा म्हणजे थ्री टियर एसी. तुम्ही रेल्वेचे हिशोबनीस असता तर काय केलं असतं? स्लीपरचा एक डबा काढून एसीचा एक लावला असता. गेल्या काही वर्षांत कित्येक गाड्यांना नेमकं हेच झालं. २०२१ मध्ये थ्री टियर इकॉनॉमीचे डबे आले तेव्हा ते गरिबासाठी स्वस्त एसी म्हणून आले. पण गाडीची लांबी ठरलेली असते. नवा डबा लागला की कुठला तरी जुना जातो.

त्या ओळीबद्दल माझं एक भांडण आहे. ५७ टक्के वाचून स्लीपरच्या प्रवाशाने ओशाळावं असा तिचा सूर आहे. गांधींनी विचारलेला हिशोब मात्र तिकिटावर छापला जात नाही: जनरलच्या १०० बाकांच्या डब्यात २५० माणसं जातात तेव्हा त्या डब्याचा माणशी खर्च किती पडतो?

करोनाने या सगळ्यावरचं झाकण उडवलं. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या एकदम थांबल्या. महायुद्धातही असं झालं नव्हतं. आणि मग कळलं की शहरं चालवणारी माणसं गाडीशिवाय घरी जाऊच शकत नाहीत, ती चालू लागतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला भुसावळच्या दिशेने रुळावरून निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत, असंच त्यांना वाटत असणार. मालगाड्या चालू होत्या. १६ जण गेले. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो तुम्ही पाहिलेला आहे. श्रमिक स्पेशल त्याच्या आठवडाभर आधीच, १ मे पासून सुरू झाल्या होत्या. त्यांतून पुढे ६० लाखांहून जास्त माणसं घरी गेली, पण यादीत नाव लागेपर्यंत थांबणं सगळ्यांना शक्य नव्हतं.

गाड्या परत सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरच्या 'एक्स्प्रेस स्पेशल' झाल्या होत्या. पुन्हा तीच पाटीची युक्ती. डबे तेच, थांबे जवळपास तेच, फक्त किमान भाडं १० रुपयांवरून ३० वर. हे २०२४ च्या फेब्रुवारीत मागे घेतलं गेलं. मधली वर्षं रोज तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने ते भाडं भरलं. ज्येष्ठांची सवलत गेली ती गेलीच. दंडवत्यांच्या कोकणात दादर-रत्नागिरी पॅसेंजर करोनात बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती दिव्याहून. दादरला घरकाम करून गावी निघालेल्या मावशींनी आता सामान घेऊन आधी दिव्यापर्यंतची लोकल पकडायची.

मी जनरलने अधूनमधून जातो. कुठल्याही मोठ्या स्टेशनवर संध्याकाळी उत्तरेकडे जाणारी गाडी लागायच्या आधी फलाटाच्या दोन्ही टोकांना रांगा दिसतात. गाडी हलत फलाटाला लागत असतानाच खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, पिशव्या आत पडायला लागतात. रुमाल पडला की जागा धरली, हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही आणि बहुतेक वेळा पाळला जातो. चार जणांच्या बाकावर सहा, वरच्या सामानाच्या फळीवर तीन, दोन बाकांच्या मध्ये चादर बांधून केलेल्या झोळीत एखादं पोर. संडासात सामान, आणि सामानावर माणूस. १९०९ साली ज्यासाठी पत्र लिहावं लागलं तो संडास आता डब्यात आहे, फक्त तिथपर्यंत पोचता येत नाही. लोक एकमेकांना सरकून जागा देतात, भांडतात, पुन्हा देतात. अर्ध्या रात्रीनंतर कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर आहे हे बघत नाहीत.

१५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली-वाराणसी वंदे भारत निघाली. गाडी चांगली आहे, मी बसलोय. चेन्नईच्या कारखान्यात आपल्या अभियंत्यांनी बनवलेल्या त्या गाडीचा अभिमान वाटण्यात काही चूक नाही. पण राजधानीच्या वेळची सवय तिथेही दिसते: नवं आधी वरच्या टोकाला. २०२३ च्या डिसेंबरअखेर अमृत भारत आली, बिनएसी, फक्त स्लीपर आणि जनरल, दोन्ही टोकांना इंजिन, बाकं गादीची. त्यानंतर जनरलचे डबे वाढवायला आणि बिनएसी डबे हजारोंनी बनवायला सुरुवात झाल्याचं रेल्वेने जाहीर केलं. ही दिशा बरोबर आहे. वेग मात्र फलाटावरच्या गर्दीपेक्षा कमी आहे. २७ ऑक्टोबर २०२४ ला, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसला गोरखपूरची पूर्ण अनारक्षित गाडी फलाटावर लागत असताना चेंगराचेंगरी होऊन लोक जखमी झाले. त्या गाडीचं नाव अंत्योदय एक्स्प्रेस. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर कुंभाला निघालेल्या गर्दीत १८ जण मेले. त्यांतले बरेच जनरलचं तिकीट घेऊन आलेले होते.

एक गोष्ट सांगायची राहिली: नाव. आरक्षणाच्या तिकिटावर तुमचं नाव, वय, डबा, बर्थ असतो. चार्ट बनतो. जनरलच्या तिकिटावर फक्त कुठून कुठे आणि किती माणसं एवढंच असतं. ते तिकीट आता मोबाइलवरही निघतं, पण चार्ट त्याचा बनत नाही. आयआरसीटीसीवर पन्नास पैशांच्या आत अपघात विमा मिळतो. तो आरक्षणाच्या ई-तिकिटासाठी आहे, जनरलच्या खिडकीवर विकला जात नाही.

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्टेशनात चेन्नईला जाणारी कोरोमंडल एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर वळली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे उडालेले डबे शेजारून जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा गाडीच्या शेपटाला लागले. जनरलचे डबे गाडीच्या टोकांना असतात. २९० हून जास्त माणसं गेली. त्यांत बंगाल, बिहार, झारखंड, ओडिशातून दक्षिणेत कामाला निघालेली किंवा तिकडून परतणारी पुष्कळ होती. आरक्षणवाल्यांची यादी होती. बाकीच्यांचे नातेवाईक भुवनेश्वरच्या एम्समध्ये फोटोंच्या रांगेपुढून फिरत राहिले, एकाच मृतदेहावर दोन-दोन कुटुंबांनी दावे केले, डीएनएच्या चाचण्या झाल्या. ऑक्टोबरपर्यंत शीतपेट्यांमध्ये ठेवलेले २८ मृतदेह उरले, ज्यांच्यासाठी कुणीच आलं नाही. भुवनेश्वर महापालिकेने त्यांचे अंत्यसंस्कार केले.